बाकीचे पांच जण

एखाद्याचें कौतुक करतां करतां आपण त्याच्या खांद्यावर किती ओझें ठेवीत असतों, हें कौतुक करणाराच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. माझ्याही आलें नव्हतें. तें येण्यास एक हरलेला सामना पाहावा लागला. सामना तसा लहान. नांदेडाबाहेर त्याची वार्ताही कोणास नसेल. परंतु त्यावरून आमच्या घरांत जी चर्चा निघाली, ती क्रीडांगणावर सुरू होऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोंचली. म्हणून ती या सदराच्या वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस तींत आपल्याही घराची ओळख पटली तर नवल नाहीं.

माझा पुतण्या चि. अनंत लातूरच्या एका महाविद्यालयांत शिकतो आणि तेथील व्हॉलीबॉलच्या संघांत खेळतो. १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालें. लातूरचीं महाविद्यालयें त्याच्याच कक्षेंत येतात. त्यामुळें लातूरकर मुलांचें नांदेडास येणें-जाणें असतें, आणि दोन्ही गांवांच्या मुलांत चुरसही असते. गेल्या हिवाळ्यांत अनंताचा संघ अहमदपूर-लोहा मार्गें नांदेडास आला, तेव्हां आमच्या घरांतून आई आणि वहिनी सोडून बाकी सर्व मंडळी सामना पाहण्यास गेली. दादांनीं तर त्या दिवशीं कचेरींतून अर्धी रजा काढली.

ज्या वडीलधाऱ्या मंडळींनीं हा खेळ जवळून पाहिला नसेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द. जाळीच्या दोन्ही बाजूंस सहा सहा गडी असतात. पलीकडून आलेला चेंडू जमिनीस टेकूं न देतां तीन स्पर्शांच्या आंत परत पलीकडे धाडावयाचा. पहिला गडी तो अंगावर घेऊन वर उडवितो, दुसरा बोटांच्या टोकांनीं अलगद उंच उचलून देतो, आणि तिसरा उडी घेऊन तो हाणतो. टाळ्या पडतात त्या तिसऱ्याला. परंतु खेळ चालवितो तो दुसरा. त्याला सेटर म्हणतात. चेंडू उजवीकडे द्यावा कीं डावीकडे, उंच द्यावा कीं जाळीलगत, आपल्यापैकीं कोणाचा हात आज चालत आहे आणि समोरचे कोठें उघडे पडले आहेत, हें सारें त्यानें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच ठरवावयाचें असतें. १८९५ सालीं अमेरिकेंतील विल्यम मॉर्गन नांवाच्या व्यायामशिक्षकानें हा खेळ काढला, तो दांडगे खेळ न झेपणाऱ्या मध्यम वयाच्या गृहस्थांसाठीं. आज आपल्याकडे खेड्याखेड्यांतून संध्याकाळीं दोन खांबांना जाळी बांधून तरुण मुलें तो खेळतांना दिसतात, आणि त्यांचा खेळ पाहून तो गृहस्थांसाठीं निघाला असेल यावर विश्वास बसत नाहीं.

अनंत हा त्या संघाचा सेटर. वय एकोणीस. त्याच्या बोटांत कांहींतरी उपजतच आहे, हें माझ्यासारख्या अनभिज्ञालाही दिसतें. तो चेंडू उचलून देतो तेव्हां चेंडू हवेंत क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, आणि हाणणाऱ्यास जणूं कांहीं करावयाचेंच उरत नाहीं. त्या मोसमांत संघ एकामागून एक सामने जिंकत आला होता, आणि जो तो म्हणे, "अनंत आहे म्हणून." दादा म्हणत, मी म्हणें, त्याचे शिक्षक म्हणत, त्याच्या जोडीचे खेळाडू तर उघडच म्हणत. चेंडू कोठेंही उडाला तरी पांचही मुलें एका सुरांत "अनंत!" अशी हांक मारीत, आणि तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धांवे. मला त्या हांकेचा मोठा अभिमान वाटे.

मैदानाच्या कडेला बांकावर एक किडकिडीत मुलगा बसलेला होता. विश्रांतीच्या वेळीं तो सर्वांना पाण्याच्या बाटल्या देई आणि टॉवेल गोळा करी. तो दुसरा सेटर असल्याचें मला मागाहून कळलें. सबंध मोसमांत एकही गुण खेळण्याची पाळी त्याच्यावर आली नव्हती. अनंत असतांना ती यावी कशाला?

त्या दिवशीं अनंताच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी होती. दोन दिवसांपूर्वीं लातूरास सराव करतांना तें मुरगळलें होतें, आणि त्यानें तें फारसें कोणाला सांगितलें नव्हतें. पहिले दोन सेट त्यानें त्याच बोटानें जिंकून दिले. तिसऱ्यापासून मात्र समोरच्यांनीं हेरलें. ते चेंडू मुद्दाम अशा ठिकाणीं टाकूं लागले कीं अनंताला दर वेळीं लांबून धांवत यावें लागे. तिसरा सेट गेला, चौथा गेला. पांचवा, निकालाचा सेट पंधरा गुणांचा असतो. त्यांत नऊ विरुद्ध बारा असतांना दोन चेंडू लागोपाठ मधोमध पडले. दोन्ही वेळां चेंडूपासून हाताच्या अंतरावर मुलें उभीं होतीं. दोन्ही वेळां त्यांच्या माना अनंताकडे वळलेल्या होत्या. नवावर चौदा झाल्यावर बांकावरच्या मुलास आंत धाडण्यांत आलें. दोन तास थंड बसलेला तो मुलगा. त्याच्या पहिल्याच उचलण्यांत चेंडूला दोनदां स्पर्श झाला आणि पंचांची शिटी वाजली. सामना संपला.

संघ दुसऱ्या दिवशीं परत जावयाचा असल्यानें अनंत रात्रीं घरीं जेवावयास आला. पानावर बसला, पण घास घशाखालीं उतरेना. शेवटीं म्हणाला, "काका, मी सगळ्यांना हरवलें." दादांनीं त्याची समजूत घातली, "अरे, बोटानें घात केला. तूं काय करणार?" मीही री ओढली, "बोट धड असतें तर आज सामना आपलाच होता."

आई शेजारीं भिंतीला टेकून वाती वळीत बसली होती. तिचें वय चौऱ्यांशीं. व्हॉलीबॉल तिनें जन्मांत पाहिलेला नाहीं. वात वळतां वळतांच तिनें विचारलें, "किती जण खेळतां रे तुम्ही?"

"सहा, आजी."

"आणि बोट तुझ्या एकट्याचें दुखत होतें ना? मग बाकीचे पांच जण काय करीत होते?"

अनंत थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडे बघत होते."

त्या उत्तरावर कोणाला कांहीं बोलतां आलें नाहीं. मला तर त्या मैदानावर वळलेल्या माना पुन्हां डोळ्यांपुढें दिसल्या. आणि आपलीही मान त्यांतच होती, हेंही कळून चुकलें. कारण पांचव्या सेटच्या आधीं, "अनंता, आतां सारें तुझ्यावर," असें कडेवरून ओरडणारा मीच होतों.

पुढल्या रविवारीं अमेरिकेंतील माझ्या भाचीशीं नेहमीप्रमाणें मोबाईलच्या पडद्यावर बोलणें झालें. अनंताची हकीकत ऐकून तिचा मुलगा म्हणाला, "अहो, आमच्या कॉलेजांतही हेंच चाललें आहे!" त्यांचा फुटबॉल आपल्याकडच्याहून निराळा. चेंडू लांबट, आणि तो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळला जातो. अकरा गड्यांत क्वार्टरबॅक नांवाचा एक गडी असतो; प्रत्येक डाव सुरू होतांना चेंडू त्याच्या हातीं येतो, आणि तो दूरवर धांवणाऱ्या आपल्या गड्याकडे फेंकावयाचा कीं दुसरें कांहीं करावयाचें, हें त्यानें क्षणार्धांत ठरवावयाचें. त्यांच्या संघाचा हा गडी वीस वर्षांचा. त्याचा नेम लागला तर संघ जिंकतो, न लागला तर हरतो, अशी स्थिति. वीस वर्षांच्या त्या मुलाच्या एका हातावर हजारों प्रेक्षकांचे डोळे.

या खेळाचा इतिहास मी कुतूहलानें पाहिला. पूर्वीं त्यांत चेंडू पुढें फेंकण्यास मनाई होती. सारा खेळ अंगाला अंग भिडवून रेटण्याचा. १९०५ च्या मोसमांत त्या रेटारेटींत अनेक तरुण दगावले, तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेऊन खेळ सुधारण्यास बजाविलें, आणि १९०६ पासून पुढें फेंक करण्याची मुभा मिळाली. दांडगाई कमी झाली हें फार चांगलें झालें. परंतु जो भार पूर्वीं पुष्कळशा खांद्यांवर होता, तो कालांतरानें एका हातावर येऊं लागला. तरीही त्या हाताला फेंक करण्यापुरती उसंत मिळते, ती त्याच्यापुढें छातीचा कोट करून उभ्या राहणाऱ्या पांच धिप्पाड गड्यांमुळें. त्यांचीं नांवें फारशीं कोणी घेत नाहीं. १९२४ सालीं नोत्र दाम विद्यापीठाच्या संघांतील चार खेळाडू ‘चार घोडेस्वार’ म्हणून देशभर गाजले. त्यांच्यापुढें उभे राहून वाट मोकळी करणाऱ्या सात जणांस ‘सात खेचरें’ असें नांव पडलें. ओझें कोणीं वाहिलें, हें त्या नांवावरूनच दिसतें.

परंतु उदाहरणासाठीं सातासमुद्रांपलीकडे जाण्याचें कारण नाहीं. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी क्रिकेट सामन्यांची अंतिम लढत झाली. हिंदु संघानें पांच गडी बाद ५८१ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. समोरच्या ‘रेस्ट’ संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यांतल्या ५९ आपल्या सांगलीच्या विजय हजारे यांच्या. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांपैकीं ३०९ एकट्या हजारे यांच्या! एका माणसानें याहून अधिक काय करावें? तरीही तो संघ एक डाव आणि ६१ धावांनीं हरला. जातां जातां आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हजारे यांच्या त्या डावांत तीनशें धावांची एक भागीदारी झाली. तींत दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधु विवेक हजारे होते, आणि त्यांच्या स्वतःच्या धावा होत्या अवघ्या २१. ते एकवीस धावा करीत टिकून उभे राहिले म्हणून तीनशें नऊ झाल्या. आपण तीनशें नऊ लक्षांत ठेवतों, एकवीस विसरतों.

दुसरें उदाहरण तर आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखतचें. १९९९ च्या जानेवारींत चेन्नईस पाकिस्तानविरुद्ध कसोटी सामना होता. विजयास २७१ धावा हव्या होत्या आणि ८२ धावांत पांच गडी बाद झाले होते. पंचवीस वर्षांचा सचिन तेंडुलकर पाठीच्या वेदना सोशीत खेळत राहिला. नयन मोंगियानें त्याला चांगली साथ दिली. सचिन १३६ धावांवर बाद झाला तेव्हां विजयास १७ धावा उरल्या होत्या आणि तीन गडी हातांत होते. त्यानंतर संघाच्या आणखी चारच धावा झाल्या, आणि सामना १२ धावांनीं गेला. सचिन बाद झाला कीं दूरदर्शन-संच बंद करणारीं घरें त्या काळीं पुष्कळ होतीं, आमचेंही त्यांपैकींच. उरलेल्या तिघांवर आपण घरीं बसून आधींच पाणी सोडलेलें होतें. मैदानावरच्या त्या तिघांनाही हें ठाऊक नसेल काय?

एकावर विसंबण्याची ही संवय लागते कशी, याचा मी पुष्कळ विचार केला. ती आळसांतून लागते असें म्हणणें अन्यायाचें होईल. अनंताचे सोबती आळशी नाहींत, तेही पहाटे उठून सराव करतात. ती लागते ती यशांतून. एकाचा हात हमखास चालतो, म्हणून चेंडू त्याच्याकडे जातो. चेंडू त्याच्याकडेच जातो म्हणून त्याचा हात अधिक तयार होतो आणि इतरांचा अधिक कच्चा राहतो. प्रत्येक विजयानें दोघांतलें अंतर वाढत जातें. जिंकत असतांना हें कोणाला दिसत नाहीं, आणि दिसूं लागतें तेव्हां हाताशीं वेळ उरलेला नसतो. यांत नुकसान दोघांचें होतें. इतरांची वाढ खुंटते हें एक. आणि ज्याच्यावर भिस्त असते, त्याला दुखतें म्हणण्याचीही चोरी होते, हें दुसरें. अनंतानें बोट लपविलें तें बढाईपोटीं नव्हे. आपण खेळलों नाहीं तर सर्व बुडेल, असें आम्हींच त्याला महिनोन्महिने शिकविलें होतें.

लातूरकरांस तर हा धडा पाण्यानेंच दिला आहे. ज्या मांजरा धरणावर शहराची तहान भागत असे, तें २०१६ च्या उन्हाळ्यांत कोरडें पडलें, आणि एप्रिलांत तीनशेंहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें, तेव्हां तें पाहण्यास लोक जमले होते. धरण आटलें यांत धरणाचा काय दोष? तें भरलेलें असतांना दुसऱ्या पाण्याची आठवण कोणाला झाली नाहीं, इतकेंच.

मग करावें काय? गुणी मुलाला मागें ओढावें काय? मुळींच नाहीं. याचें उत्तर मला बांकावर बसलेल्या एका दुसऱ्याच मुलाच्या कथेंत सांपडलें. १९८८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या हॅरिस शील्ड शालेय सामन्यांत शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यानंतर खेळावयास जाणारा मुलगा पायांना पॅड बांधून वाट पाहत बसला होता, आणि बसूनच राहिला. त्याची पाळी आलीच नाहीं. त्याचें नांव अमोल मुजुमदार. पुढें १९९३-९४ च्या मोसमांत रणजी सामन्यांतील आपल्या पहिल्याच डावांत त्यानें २६० धावा केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्याच्या एकूण ११,००० हून अधिक धावा झाल्या. परंतु भारतीय संघांत खेळण्याची पाळी त्याच्यावर कधींच आली नाहीं.

२०२३ च्या ऑक्टोबरांत हेच मुजुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकांत देशाची मोठी भिस्त सांगलीच्या स्मृति मानधना हिच्यावर होती. मध्यंतरीं संघ लागोपाठ तीन सामने हरला. उपांत्य सामन्यापूर्वीं तिची सलामीची जोडीदार प्रतिका रावल जायबंदी झाली आणि मूळ संघांत नसलेल्या शफाली वर्माला बोलावणें गेलें. ३० ऑक्टोबरास ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करतांना शफाली आणि स्मृति दोघीही लवकर बाद झाल्या. पूर्वींच्या काळीं येथें घरोघर संच बंद झाले असते. परंतु याच स्पर्धेंत एका सामन्यांतून वगळली गेलेली मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून उभी राहिली, हरमनप्रीत कौरनें ८९ केल्या, आणि सामना जिंकला. २ नोव्हेंबरास नवी मुंबईच्या अंतिम सामन्यांत शफालीनें ८७ धावा करून दोन गडी बाद केले. दीप्ति शर्मानें ५८ धावा करून पांच गडी बाद केले. समोर दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्फार्ट एकटी झुंजत होती. उपांत्य सामन्यांत तिनें १६९ केल्या होत्या, येथें १०१ केल्या. ती बाद झाली आणि तिच्या संघाची आशाही मावळली. भारत ५२ धावांनीं जिंकला. या यशांत प्रशिक्षकाचा वाटा किती, हें मोजण्याचें माप माझ्याजवळ नाहीं. परंतु बांकावर बसलेल्याचें मन काय असतें, हें जाणणारा एक मनुष्य तेथें होता, एवढें खरें.

येथपर्यंत विचार करून मी स्वतःवर बराच प्रसन्न होतों. अनंत सुटींत घरीं आला तेव्हां मीं त्याला हीं सारीं उदाहरणें ऐकविलीं. तोंच एके दिवशीं वहिनींना ताप भरला.

आमच्या घरांत आम्ही दहा माणसें. वहिनींचा ताप साधाच होता. डॉक्टरांनीं तीन दिवस अंथरुणांतून उठूं नका म्हणून सांगितलें, इतकेंच. पहिल्या सकाळीं चहा मिळाला नऊ वाजतां, तोही मिठाचा. साखरेचा डबा कोठला हें कोणास ठाऊक नव्हतें. लहान मुलीचा शाळेचा गणवेश सांपडेना. दूधवाल्याला किती द्यावयाचें तें कोणी सांगूं शकेना. माझी पत्नी शाळेंत शिकविते, तीही म्हणाली, "वहिनींनीं मला कधीं करूंच दिलें नाहीं." जो तो दर पांच मिनिटांनीं वहिनींच्या खोलीच्या दारांत उभा राहून विचारी, "वहिनी, अमुक कोठें आहे?" आणि त्या तापांत उशीवरून डोकें उचलून सांगत. या धांदलींत आईची सकाळची रक्तदाबाची गोळी राहून गेली. बाराच्या सुमारास तिला घेरी आली आणि ती देवघरापाशीं खालीं बसली. सुदैवानें पडली नाहीं. डॉक्टर येऊन गेले, गोळी दिली, दुपारपर्यंत तिला बरें वाटलें. परंतु त्या अर्ध्या तासांत आम्हां दोघां भावांच्या हातांपायांतली शक्तिच गेली होती.

संध्याकाळीं सर्व जण तिच्याभोंवतीं बसलों होतों. ती रागावली नाहीं. तिनें सावकाश बोटांवर मोजलें आणि विचारलें, "घरांत दहा माणसें. एक अंथरुणावर, एक मी म्हातारी. बाकीचे आठ जण काय करीत होते?"

दादांनीं मान खालीं घातली. मीही घातली. अनंत मात्र हळूच म्हणाला, "आईकडे बघत होते, आजी."

त्या तीन दिवसांत आम्ही पुष्कळ शिकलों. दादांना चहा येतो आतां. थोडा गोड होतो, पण येतो. आईच्या औषधांच्या वेळा एका कागदावर लिहून देवघराच्या दारावर लावल्या आहेत, आणि त्या पाहण्याचें काम लहान मुलीनें हौसेनें घेतलें आहे. दुधाचा आणि किराण्याचा हिशेब माझ्याकडे आला. पण जी गोष्ट मला मुद्दाम सांगावयाची ती याहून निराळी आहे. वहिनी बऱ्या होऊन उठल्या तेव्हां त्यांना हें सारें पाहून आनंद होईल अशी आमची कल्पना होती. तसें झालें नाहीं. डबे हललेले पाहून त्या थोड्या हिरमुसल्या. म्हणाल्या, "म्हणजे आतां माझें काम नाहीं म्हणा कीं!" तीस वर्षें सर्वांनीं ज्या हाताकडे पाहिलें, त्या हातालाही पाहिलें जाण्याची संवय झालेली असते. तिचें ओझें उतरवितांना तिचा मान उतरवीत आहोंत असें तिला वाटूं न देणें, हें आम्हां पुरुषांना चहा करण्याहून कठीण गेलें. पुढें एक दिवस माझी पत्नी चकल्यांची भाजणी कशी करावयाची हें विचारावयास त्यांच्याकडे गेली, तेव्हां कोठें त्यांचा चेहरा खुलला. हातानें करण्याचें ओझें निराळें आणि शिकविण्याचा मान निराळा, हें त्या दिवशीं आमच्या घराला कळलें.

अनंतानें हें सर्व पाहिलें. लातूरास परत जाण्याच्या आदल्या रात्रीं तो मला म्हणाला, "काका, खरें सांगूं? त्या दिवशीं चौथ्या सेटच्या वेळीं सर मला विचारीत होते, बाहेर येतोस का म्हणून. मीच नाहीं म्हणालों." मी त्याला कांहीं बोललों नाहीं. तें कबूल करण्यास त्याला जेवढें धैर्य लागलें असेल, तेवढें त्या दुखऱ्या बोटानें खेळण्यासही लागलें नसेल.

त्याचें बोट आतां बरें आहे. सरावाच्या दर खेळांत एक सेट त्या दुसऱ्या मुलानें चालवावा, असें त्यानें आपल्या शिक्षकांना सुचविलें आणि त्यांनीं तें मान्य केलें. पहिले कांहीं आठवडे तो सेट ते हमखास हरत. मुलें कुरकुरलीं; अनंताला स्वतःलाही कडेला बसून पाहणें जड गेलें. परंतु परवां त्याचा फोन आला तेव्हां तो म्हणाला कीं, चेंडू मधोमध आला तर आतां कोणी कोणाच्या नांवानें हांक मारीत नाहीं, जो जवळ असेल तो "माझा!" म्हणून पुढें जातो. कधीं कधीं दोघे जातात आणि एकमेकांवर आदळतात. येत्या हिवाळ्यांत हा संघ जिंकेल कीं हरेल, हें मी सांगूं शकत नाहीं.

फोन ठेवण्यापूर्वीं त्यानें आजीला द्यावयास सांगितलें. तिनें त्याला एकच विचारलें, "तो दुसरा मुलगा रे, बाटल्या देणारा, त्याला तुमच्यांतला कोणी पाणी देतो कीं नाहीं?"

अनंत हंसला आणि म्हणाला, "मीच देतों, आजी."

वाचकहो, आपल्या घरांतही असा कोणी एक हात असेलच, ज्याच्याकडे सारीं माणसें पाहत असतात. त्याला बरें वाटत असतांनाच, शक्य तर आजच संध्याकाळीं, आमच्या आईचा प्रश्न आपल्या मंडळींना एकदां विचारून पाहावा.